परगावी भाकरी कोणी घातली?

इतिहास म्हटला की आपण घनसावंगीकर जांबच्या समर्थांपासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच तालुक्यात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्याविषयी अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहिले आहे. मी आज चुलीपुढचा इतिहास लिहिणार आहे. घर सोडून शहरात गेलेल्या माणसाला निवारा कोठे मिळाला आणि त्याच्या ताटात भाकरी कोणी वाढली, एवढाच माझा प्रश्न आहे. वरवर पाहता तो लहान दिसतो. पण आज आपल्या घराघरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला नाही तर पुण्याला खोली घेऊन शिकत आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबऱ्याशीच येऊन पोहोचला आहे.

परगावी राहण्याची सोय ही पूर्वी केवळ पैशाची बाब नव्हती. जात विचारल्यावाचून कोणी ओसरीवर घेत नसे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना तेथून निघावे लागले. एवढ्या विद्वान पुरुषाची ही दशा, तर खेड्यातून आलेल्या पोराची काय कथा!

म्हणूनच आपल्या थोर पुरुषांनी शाळेइतकेच वसतिगृहाला महत्त्व दिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडून दिली. गंगाराम कांबळे यांना त्याच शहरात चहाचे हॉटेल काढायला त्यांनी साह्य केले आणि लोक तेथे येईनात तेव्हा स्वतः जाऊन सर्वांसमक्ष चहा घेतला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. आपल्या मराठवाड्यात १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले आणि तेथेही मुलांच्या निवासाची सोय केली. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबाद गाठावे लागे. ज्यांना ते परवडत नव्हते, अशांच्या मुलांना या सोयीने प्रथमच जवळचे दार उघडले.

आता साताऱ्याच्या वसतिगृहाकडे पुन्हा वळू या. संस्थापक म्हणून आपण भाऊरावांचे नाव घेतो. पण मुलांच्या जेवणाला दाणे उरले नाहीत तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ज्या काळात मंगळसूत्र उतरविणे म्हणजे अभद्र, त्या काळात परक्यांच्या, नाना जातींच्या मुलांसाठी त्यांनी हे केले. वसतिगृहाच्या भिंती देणगीतून उभ्या राहतात. पण रोज सकाळी चूल पेटावी लागते, आणि ती कोणी पेटवली हे पाटीवर लिहिलेले नसते. लक्ष्मीबाईंचे नाव निदान आपल्याला ठाऊक आहे. ज्यांचे ठाऊक नाही अशा हजारो स्त्रिया मुंबईच्या गिरणगावात होऊन गेल्या. त्यांच्याकडे आता मी वाचकांना घेऊन जाते.

मुंबईची पहिली कापडगिरणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा भाग गिरण्यांच्या भोंग्यावर जागा होऊ लागला. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून माणसे आली. बायकामुले गावी, पुरुष एकटा मुंबईत, असा तो संसार. एका गावची माणसे मिळून चाळीतली एक खोली घेत. दहा-वीस जणांची एक खोली. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, दोरीवर कपडे आणि गुंडाळलेली वळकटी. गिरण्या पाळ्यांनी चालत, म्हणून झोपही पाळीनेच. रात्रपाळीचा गडी परत आला की दिवसपाळीचा उठून जाई आणि त्याच जागेवर दुसरा अंग टाकी. उरलेले गॅलरीत नाहीतर फुटपाथवर.

ही खोली सरकारची नव्हती, गिरणीमालकाचीही नव्हती. ती त्या माणसांनी आपल्या वर्गणीतून चालवलेली होती. भाडे वाटून घ्यायचे, नव्या पोराला गिरणीत चिकटवायचे, कोणी आजारी पडला तर इस्पितळात न्यायचे, कोणी वारला तर गावी कळवायचे, असे तिचे अलिखित नियम असत. भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपती हे सर्व त्यातूनच उभे राहिले. गावच्या देवळाला नाहीतर शाळेला मुंबईकर मंडळी पैसे पाठवीत, तेही या खोल्यांतूनच जमत.

पण या खोलीत चूल नसे. चूल शेजारच्या बिऱ्हाडात. नवरा गिरणीत, पगार अपुरा, किंवा नवरा आजारी, किंवा मुळी नवराच नाही, अशी एखादी बाई दहा-पंधरा जणांना दोन वेळचे जेवण घाली. हीच गिरणगावची खानावळ. तिला ना पाटी, ना टेबल, ना गल्ला. जेवणारे तिला मावशी म्हणत, वहिनी म्हणत. कोकणच्या गड्याला भात आणि मासळीचे कालवण लागे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी; त्यामुळे आपापल्या मुलखाची खानावळ माणूस शोधून काढी. रविवारी थोडे गोडधोड नाहीतर मटण.

भगिनींनो, आपण सर्वजणी भाकऱ्या थापतो, तेव्हा हिशेब करून पाहा. पंधरा माणसे, प्रत्येकी एका वेळी चार भाकऱ्या, दोन वेळा. म्हणजे दिवसाला एकशेवीस भाकऱ्या. त्याखेरीज कालवण, भात, पंधरा ताटे दोनदा घासणे, नळाचे पाणी येईल त्या वेळी भरून ठेवणे आणि पाळीवर गेलेल्यांचे डबे पोहोचविणे. पहाटे चारला सुरू झालेला दिवस रात्रपाळीचा गडी जेवून गेल्याशिवाय मिटत नसे. हे सर्व दहा बाय बाराच्या खोलीत, स्वतःच्या मुलांना एका कोपऱ्यात निजवून.

आणि हाती काय उरे? जेवणारा महिना भरल्यावर, पगार झाल्यावर पैसे देई. तोवर ज्वारी, तांदूळ, तेल, रॉकेल हे सारे वाण्याकडून उधारीवर. वाणी उधारीवर भाव चढा लावी आणि वर व्याजही घेई. सावकाराकडे भांडी, दागिने गहाण पडत. संप झाला, पगार थांबला, तर गडी पैसे कोठून देणार? तरी मावशीने ताट मागे ओढले नाही. गिरणी कामगारांच्या लढ्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. संप किती दिवस टिकला हे त्यात असते; तो कोणाच्या उधारीवर टिकला हे क्वचितच असते.

हे ज्यांच्या ध्यानी आले त्या प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. १९७५ साली, म्हणजे जागतिक महिला वर्षात, त्यांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात केली. १९६९ साली चौदा मोठ्या बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या आणि १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना आली होती. पण बँकेला तारण हवे असते. या बायकांच्या नावावर ना घर, ना जमीन, ना दागिना. पुष्कळजणींना सहीदेखील येत नव्हती. प्रेमाताईंनी तोड काढली ती अशी की शेजारणींचा एक गट करावा आणि एकीने दुसरीसाठी जामीन राहावे. पहिल्या चौदाजणींना प्रत्येकी पंधराशे रुपये कर्ज मिळाले.

पंधराशे रुपये ही रक्कम मोठी नव्हे. परंतु तिने वाण्याची उधारी फिटली, रोखीने धान्य भरता आले आणि गहाणातली भांडी घरी परतली. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बँकेच्या खात्यावर बाईचे स्वतःचे नाव लागले. तोवर ती कोणाची तरी बायको होती, कोणाची मावशी होती. ती धंदा करते, ती कमावते, हे लिखित स्वरूपात प्रथम त्या खात्यावर आले. कर्जे वेळेवर फिटली, कारण शेजारणीच्या शब्दाला बट्टा लागू देणे बायकांना रुचणारे नव्हते. बघता बघता चौदांच्या हजारो झाल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मिटलाच नाही. पुष्कळ गिरण्या पुढे बंद पडल्या, गडी गावी परतले आणि खानावळीही ओस पडल्या. ज्या बायका एकट्या होत्या त्यांचे हाल झाले. ज्या मंडळात होत्या त्यांना निदान एकमेकींचा आधार राहिला. जेवणाच्या ऑर्डरी घेणे, डबे देणे असे दुसरे मार्ग काढता आले. अन्नपूर्णेने पुढे वाशी येथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहही उभारले. पुरुषांना जेवू घालण्यापासून निघालेले काम बाईच्या स्वतःच्या निवाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता आपल्याकडे पाहू. खानावळ गेली आणि ‘मेस’ आली. नाव पालटले, चूल जाऊन गॅस आला, काम तेच आहे. स्पर्धापरीक्षेसाठी शहरात राहणारी आपली मुले ज्या मेसमध्ये जेवतात, तेथेही बहुधा खेड्यातूनच आलेली एखादी बाई पोळ्या लाटत असते. आपल्या भागातील ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले मागे राहतात, तेव्हा त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालते. तेथेही भात शिजवणारी बाईच असते. तिचे पैसे वेळेवर मिळतात का, ती आजारी पडली तर चूल कोण सांभाळतो, हे आपण कधी विचारतो का?

माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या दप्तरात सभांच्या इतिवृत्ताची वही आहे, हळदीकुंकवाच्या जमाखर्चाची आहे. तशी आणखी एक वही घालावी. घनसावंगीच्या आणि आसपासच्या गावांच्या ज्या स्त्रियांनी परगावी किंवा येथेच मेस चालवली, डबे दिले, वसतिगृहात रांधले, त्यांची नावे, त्यांचे गाव, किती वर्षे केले आणि काय मिळाले, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवावे. माहेरचे नावही विचारावे. आणि त्यांपैकी जी आज उधारीत अडकलेली असेल तिच्यासाठी आपल्या बचतगटाने जामीन राहण्याचा ठराव याच वर्षी करावा. चौदाजणींनी जे केले ते आपल्याला अवघड नाही. आपण तर चौदांहून अधिक आहोत.