सुटणाऱ्या बंधांची कुळकथा

संगणकात सुटे कण जोडून रचलेला खडक सिम्युलेशन सुरू होताच भुगा होऊन पसरला, की पहिला संशय कणांना जोडणाऱ्या बंधांच्या ताकदीवर जातो. आकडा दुप्पट करा, दहापट करा, भुगा होतोच. दुखणं बहुधा जन्मवेळेचं असतं, म्हणून या बंधांचं कूळ पाहावं.

पीटर कंडॉल यांनी 1971 मध्ये सुट्या तुकड्यांनी खडक रचण्याची ही पद्धत मांडली ती भेगाळलेल्या खडकाच्या ठोकळ्यांसाठी. 1979 मध्ये ऑटो स्ट्रॅक यांच्यासोबत त्यांनी ती गोल चकत्यांवर चालवली. कणांमध्ये नुसतं रेटणं आणि घर्षण. कोरड्या वाळूला एवढं पुरतं, ग्रॅनाइटला नाही.

साधा उपाय म्हणजे कण एका बिंदूत जोडायचे. असा जोड ओढ सोसतो, पण कण एकमेकांवर गडगडत राहतात. डेव्हिड पॉटयॉन्डी आणि कंडॉल यांच्या 2004 च्या निबंधातला ‘समांतर बंध’ दोन कणांत सिमेंटची चकती कल्पतो आणि ती वाकण्यालाही अडवते. बुंदीच्या लाडवातला पाकच म्हणा ना!

माझ्या मते निबंधाचं खरं मोल त्यातल्या कृतीत आहे. आधी कण साच्यात दाबून बसवायचे, सर्वत्र हलका, सारखा दाब आणायचा, तीनपेक्षा कमी शेजारी असलेले तरंगते कण कमी करायचे; बंध त्यानंतर. कारण बंध पडतो तो जवळजवळ टेकलेल्या कणांतच: फट सरासरी त्रिज्येच्या दहा लाखाव्या भागाहून कमी हवी. घाई केली तर बंध घालायची आज्ञा बिनतक्रार चालते आणि बंध मात्र शून्य! उलट कण फार दाबून एकमेकांत घुसवले, तर साचा काढताच ते उसळतात आणि बंध तोडतात. कालपायरी, म्हणजे गणनेतला वेळेचा एक टप्पा, मर्यादेपेक्षा मोठी असली तर शाबूत बंधही तुटतात.

एवढं पाळूनही एक खोट उरली. कॅनडातल्या लाक द्यु बोने ग्रॅनाइटची दाबातली ताकद सुमारे 200 मेगापास्कल, ताणातली सुमारे 9. प्रतिमान दाबाला जुळवलं, तर ताणात 40 च्या वर जाई. गोल कण बंध तुटताच मोकळे फिरतात, त्यामुळे दाबात लवकर हार खातात. तिथली भरपाई करायला बंध बळकट केले की ताणातली ताकद फुगते. कोणी कणांचे झुबके बांधून पाहिले. पॉटयॉन्डी यांनी 2012 मध्ये कणांच्या भेटीची जागाच सपाट केली. ही जागा तुकड्यातुकड्याने तुटते आणि तुटल्यावरही गडगडू देत नाही. दाब-ताणाचं गुणोत्तर खऱ्या खडकाशी जुळलं, आकडेमोड मात्र जड झाली.