मुंबईची क्वीनी, टास्मानियाची मर्ल: एका खोट्या पत्त्याची गोष्ट

मागे यंत्रमागाचा खडखडाट ऐकू आला तर समजून घ्या. भिवंडीत रेकॉर्डिंग करायचं म्हणजे एवढं चालायचंच.

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मुंबईत एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. समोरच्यांनी विचारलं, "कुठून येता?" मी पटकन म्हणालो, "ठाण्याहून." भिवंडी म्हटलं की लोकांना गोदामं, खड्डे आणि ट्रॅफिक आठवतं, म्हणून गावाचं नावच गिळलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे केलंय, मला माहितीये.

आजची गोष्ट अशाच एका खोट्या पत्त्याची आहे. फक्त तिने तो जवळजवळ आयुष्यभर सांभाळला. तिचं नाव मर्ल ओबेरॉन. ब्रिटिश सिनेमातली आणि पुढे हॉलिवूडमधली मोठी नायिका. जन्म 19 फेब्रुवारी 1911, आणि गाव? आपली मुंबई.

खरं नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. वडील इंग्लंडचे, इथल्या रेल्वेत इंजिनिअर. आई शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची. घरातलं लाडाचं नाव क्वीनी. त्याच वर्षी राणी मेरी भारतात आली होती, त्यावरून ते पडलं असं म्हणतात. वडील पहिल्या महायुद्धात वारले आणि 1917 मध्ये मायलेकी कलकत्त्याला गेल्या. तिथे नावाजलेल्या ला मार्टिनिअर शाळेत स्कॉलरशिप मिळाली, पण मिश्र रक्ताची म्हणून मुली इतकं चिडवायच्या की शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आणि हौशी नाटकं.

1920 च्या दशकाच्या अखेरीस ती आईला घेऊन युरोपला गेली. लंडनमध्ये हंगेरीहून आलेल्या अलेक्झांडर कोर्डा या निर्माता-दिग्दर्शकाने तिला हेरलं. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (1933) मध्ये तिने राणी ॲन बुलिनची छोटीशी भूमिका केली आणि लोकांच्या नजरेत भरली. पुढच्याच वर्षी 'द स्कार्लेट पिंपरनेल'मध्ये ती नायिका झाली.

आणि इथेच तिचा नवा जन्मदाखला तयार झाला, म्हणजे कागदावर नाही, प्रसिद्धी खात्यात. मर्ल टास्मानियात जन्मली, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या बेटावर! का? तर ते बेट 'गोऱ्यांचं' मानलं जायचं आणि इतकं लांब होतं की चौकशी करायला कोण जातंय?

आता तुम्ही म्हणाल, एवढी लाज कशाला? पण थांबा, तेव्हाचे नियम बघा. अमेरिकेने 1917 च्या कायद्याने भारतीयांना आपल्या देशात स्थायिक व्हायला बंदी घातली होती. 1923 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस गोरा धरता येणार नाही, म्हणून नागरिकत्वही नाही. त्यात 1934 पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. पडद्यावर गोऱ्या नायकाचं दुसऱ्या वंशाच्या बाईवर प्रेम दाखवणं जवळपास अशक्य झालं. ॲना मे वाँग ही मोठी चिनी-अमेरिकन नटी, पण 'द गुड अर्थ' (1937) मधली चिनी शेतकरणीची मुख्य भूमिकाही तिला मिळाली नाही. ती गोऱ्या लुइझ रायनरने केली आणि ऑस्कर नेलं.

मर्लने खरं सांगितलं असतं, तर 'द डार्क एंजल' (1935) तिला मिळाला असता का? त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला मिळालेलं हे पहिलंच, पण तेव्हा ते कुणाला माहीतच नव्हतं. मग 'वदरिंग हाइट्स' (1939) आला, त्याच वर्षी कोर्डाशी लग्न झालं. कोर्डाला 'सर' किताब मिळाल्यावर आपली क्वीनी चक्क लेडी कोर्डा झाली.

पण याची किंमत कुणी भरली? सावळी शार्लट लंडनच्या घरात लेकीसोबत राहायची, आणि पाहुण्यांना ती मोलकरीण म्हणून सांगितली जायची, असं तिचे चरित्रकार लिहितात. 1937 मध्ये शार्लट वारली. नंतर मर्लने तिचं चित्र काढून घेतलं, तर त्यातही आईचा रंग उजळ करवला म्हणे.

याच्याही खाली आणखी एक थर होता. कॉन्स्टन्स नावाच्या बाईच्या मुलाने मुंबईच्या सरकारी नोंदींतून मर्लचा जन्मदाखला काढला. त्यात आईच्या रकान्यात शार्लट नव्हतीच. होती कॉन्स्टन्स, म्हणजे शार्लटची मुलगी, जी मर्लच्या जन्मावेळी स्वतःच लहान पोर होती. जिला मर्ल आई म्हणायची ती खरं तर आजी. हा भाऊ मर्ल हयात असताना तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला होता. ती भेटली नाही.

1978 मध्ये टास्मानियातल्या होबार्टच्या महापौरांनी आपल्या 'लेकी'साठी सत्कार ठेवला. मर्ल आली, आणि तिथेच म्हणाली की माझा जन्म इथे झालेला नाही. लगेच, बरं वाटत नाही म्हणून निघून गेली. कुठे जन्मले, ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही. 23 नोव्हेंबर 1979 ला ती गेली. मुंबई हे उत्तर जगाला कळलं ते 1983 च्या चरित्रातून.

मला तिला खोटारडी म्हणवत नाही. दारावर पाटी लावणारे दुसरेच होते, तिने फक्त आत शिरायची वाट शोधली. पण शार्लट आठवली की गलबलतं. आपण गाव लपवतो तेव्हा नुसतं गाव लपत नाही. त्या गावातली माणसंही लपवावी लागतात.

माझ्या दारावर तर तसली कुठलीच पाटी नव्हती. तरी मी "ठाणे" म्हणालो. संध्याकाळी आईने विचारलं, "काय काय विचारलं रे?" तेव्हा तो एक प्रश्न मी तिला सांगितलाच नाही.

हल्ली विचारलं तर भिवंडीच सांगतो. तुम्ही काय सांगता, ते व्हॉइस नोटवर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.