आवाजाच्या बटणाची झीज

'व्हॉल्यूम' हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला दोन ठिकाणी भेटतो. ग्रंथालयात त्याचा अर्थ खंड, रेडिओपाशी आवाजाची पातळी. मूळ दोन्हींचे एकच. लॅटिन 'व्होल्यूमेन' म्हणजे गुंडाळी. ग्रंथ गुंडाळ्यांवर लिहिले जात तेव्हा एका गुंडाळीला हे नाव होते. पुढे ते बांधीव पुस्तकाला मिळाले, पुस्तकाच्या जाडीवरून कोणत्याही वस्तूच्या आकारमानाला, आणि शेवटी आवाजाच्या भरीवपणाला. संस्कृतातले 'वलय' आणि आपले 'वळणे' यांचेही नाते भाषाशास्त्रज्ञ याच कुळाशी जोडतात. तेव्हा रेडिओचा जो भाग आपण फिरवतो, त्याच्या नावातही फिरवणेच दडलेले आहे. हा अर्थात योगायोग. नाव देणाऱ्यांच्या मनात यातले काही असण्याचे कारण नाही. मराठीने या भानगडीत न पडता त्याला सरळ 'बटण' म्हटले. दाबायचे तेही बटण आणि फिरवायचे तेही बटण.

या बटणाला एक ठरलेला आजार होतो. काही वर्षे वापरल्यावर ते फिरवताना कर्ण्यातून खरखर येऊ लागते. मग एखाद्या विशिष्ट जागी आवाज अचानक नाहीसा होतो, केसभर पुढे सरकवले की दणकन परत येतो. घरोघरी यावरचा उपाय म्हणजे बटण चारदोनदा मागेपुढे फिरवणे, नाहीतर रेडिओच्या डोक्यावर एक चापट मारणे. या क्षुल्लक बिघाडाकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी थोडे लक्ष द्यावे असे मला वाटते. कारण आपल्याकडे रेडिओचा म्हणून जो इतिहास लिहिला गेला, तो जवळजवळ सगळा प्रक्षेपणाचा इतिहास आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, ८ जून १९३६ रोजी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले, २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे केंद्र उघडले, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती. कोणी काय लिहिले, कोण गायले, कोणत्या मंत्र्याने काय बंद केले, हे सगळे कागदावर आहे. ऐकणाऱ्यांनी काय केले याचा कागद मात्र फार थोडा. १९३३च्या कायद्याने रेडिओ बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा झाला; त्याची फी पोस्टात भरावी लागे आणि ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत टिकली. त्यामुळे संच किती होते हे सरकार मोजू शकत होते. पण त्या संचांसमोर बसलेली माणसे काय आणि कसे ऐकत होती?

त्याचे उत्तर देणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी एक त्या बटणाच्या मागे लपलेली आहे. तिच्याकडे जाण्यापूर्वी बटणाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू.

१८४१ साली योहान ख्रिस्टियान पोगेंडोर्फ या जर्मन वैज्ञानिकाने विद्युतदाबांची तुलना करण्याची एक पद्धत मांडली. लांब तारेवरून एक टोक सरकवायचे आणि कोणत्या जागी दोन दाब एकमेकांना तोलून धरतात ते पाहायचे. यातून घडलेल्या उपकरणाला पुढे पोटेन्शिओमीटर, म्हणजे दाब मोजणारे यंत्र, असे नाव पडले. रेडिओच्या बटणामागचा भागही हेच नाव लावतो, मात्र तो काहीच मोजत नाही. तो फक्त वाटणी करतो : आलेल्या दाबापैकी किती पुढे जाऊ द्यायचा आणि किती नाही. (आपल्याकडचे रेडिओ दुरुस्त करणारे त्याला 'पॉट' म्हणून मोकळे होतात, तेच बरे.)

१९२०च्या दशकातल्या बॅटरीवर चालणाऱ्या संचांत आवाज कमी करण्याची रीत पाहिली तर आज नवल वाटते. व्हॉल्व्हच्या आत तापणाऱ्या तारेचा प्रवाहच एका बटणाने घटवायचा. दिवा मंद झाला की आवाज मंद. संपूर्ण यंत्र अर्धपोटी ठेवून त्याला गप्प बसवायचे, असा हा प्रकार होता. शिवाय जवळचे केंद्र गर्जना करी, दूरचे कुजबुजे. एका केंद्रावरून दुसऱ्यावर जाताना हात सतत आवाजाच्या बटणावर ठेवावा लागे. १९२५ साली हॅरल्ड व्हीलर या बावीस-तेवीस वर्षांच्या अमेरिकन अभियंत्याने हे काम यंत्रावर सोपवण्याची युक्ती काढली. लहर जोरकस असेल तर संच स्वतःच आपली संवेदनशीलता कमी करी. १९२९ साली फिल्को कंपनीने ही सोय असलेला संच बाजारात आणला आणि काही वर्षांत ती सर्वत्र रूढ झाली.

माझ्या मते या बटणाच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच. तोवर ते अंतराशी झुंजत होते. आता अंतराची काळजी संच घेऊ लागला आणि बटणापाशी उरली ती ऐकणाऱ्याची इच्छा. घरातले कोण झोपले आहे, शेजारी कोण राहते, बातम्या आहेत की गाणे, कानाने किती साथ सोडली आहे, या सगळ्याचे उत्तर त्या बटणाच्या कोनात दिले जाऊ लागले.

आता आतला भाग. पाठीमागचे पत्र्याचे झाकण चार वाकवलेल्या पाकळ्यांनी धरलेले असते. त्या उचलल्या की नालाच्या आकाराची एक काळी पट्टी दिसते. ही कार्बनची. तिच्यावरून धातूचा बोटासारखा पातळ पत्रा फिरतो. बटणाचा दांडा त्याला फिरवतो. बटण जवळजवळ पाऊण वळसा फिरते, पण पट्टीचा विरोध त्या वळशात सारखा वाटलेला नसतो. गुस्ताव फेख्नर याने १८६० साली मांडले होते की उद्दीपन पटीने वाढते तेव्हा संवेदना पायरीने वाढते. कानाच्या बाबतीत हे ढोबळपणे खरे आहे. विरोध सारखा वाटला असता तर सुरुवातीच्या थोड्या फिरवण्यातच आवाज भरून गेला असता आणि उरलेले बटण निरुपयोगी झाले असते. म्हणून पट्टी अशी करतात की अर्ध्या वळशापर्यंत एकूण विरोधाचा जेमतेम दहा ते पंधरा टक्के भाग यावा. वेगवेगळ्या मिश्रणांचे तुकडे जोडून हा चढ साधतात. मानवी कानाचा स्वभाव असा एका नखाएवढ्या रुंद पट्टीत उतरवलेला आहे, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

ही पट्टी झिजते, आणि सारखी झिजत नाही. रेडिओ चालू-बंद करण्याचा खटका बहुतेक संचांत याच बटणाला जोडलेला असे. म्हणजे रोज सकाळी पत्र्याचे बोट शून्यापासून निघून घराच्या नेहमीच्या पातळीपर्यंत जाई आणि रात्री परत येई. त्या पातळीच्या आसपास दिवसभर थोडे इकडे, थोडे तिकडे. त्यापलीकडचा भाग क्वचितच वापरात येई. जुनी पट्टी उघडून भिंगाखाली पाहिली तर कार्बनवर बारीक चकचकीत चर दिसतो, आणि एका जागी तो विरळ होत संपतो. तिथून पुढे पट्टी कोरी. त्या घराने वीस-पंचवीस वर्षे किती मोठ्याने ऐकले, याची ती हद्द आहे. खरखर येते ती या चरातून आणि त्यात साचलेल्या धुळीतून.

गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून पहिले गीत प्रसारित झाले आणि मालिका वर्षभर चालली. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते छापील रूपात आहेत, सुधीर फडक्यांच्या चाली ध्वनिमुद्रित आहेत. त्यांवर प्रबंध लिहिता येतो, लिहिले गेलेही आहेत. त्याबरोबर आठवणींचाही एक साठा आहे : रेडिओला हार घातले जात, ज्यांच्याकडे संच नव्हता ते शेजारी ओसरीवर जमत. या आठवणींवर विश्वास ठेवायला मला आवडते, परंतु आठवण ही आठवणच. ज्या घराने शेजारपाजारासाठी बटण मोठे केले, त्या घरातल्या पट्टीचा चर पुढच्या टप्प्यापर्यंत गेलेला असणार. जिथे एकट्याने, उशाशी ऐकले गेले तिथे तो लवकर थांबलेला असणार. हा तर्क आहे. मात्र तपासून पाहता येईल असा तर्क आहे, आणि श्रवणाच्या इतिहासात अशी संधी वारंवार येत नाही.

अपवाद नोंदवायलाच हवा. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. त्याचे मूल्यमापन पॉल नॉयराट यांनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून केले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. ऐकणाऱ्यांकडे इतक्या बारकाईने पाहणारी कागदपत्रे विरळा. परंतु ते ऐकणे जाणूनबुजून घडवलेले होते. घरातले, कामाच्या मधले, अर्धे लक्ष फोडणीकडे असलेले ऐकणे त्यात येत नाही.

पुराव्याच्या मर्यादाही सांगतो. संच विकले जात, पट्ट्या बदलल्या जात. आज हाती आलेल्या संचातली पट्टी मूळचीच असेल असे नाही. कर्णा अशक्त झाला किंवा व्हॉल्व्ह म्हातारा झाला की तेवढ्याच आवाजासाठी बटण अधिक फिरवावे लागते. त्यामुळे चराची हद्द म्हणजे आवाजाचे थेट माप नव्हे. शिवाय बटण कोणाच्या हातात होते, हे पट्टी सांगत नाही. पुष्कळ घरांत रेडिओ उंच फळीवर असे आणि त्याला हात लावण्याचा अधिकार एकाच माणसाचा असे. चर त्या एका हाताचा, कान मात्र सगळ्यांचे.

दुरुस्तीचा प्रश्न इथे अवघड होतो. साधा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. संचाचे प्लग काढावे आणि काही वेळ थांबावे, कारण व्हॉल्व्हच्या रेडिओतल्या कंडेन्सरमध्ये जिवावर बेतेल इतका दाब राहू शकतो. पॉटच्या टोकांपाशी असलेल्या फटीतून विद्युतजोड साफ करण्याचा फवारा थोडासा मारावा आणि बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. घरातले कोणतेही तेल सोडू नये. त्यावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत खरखर दुप्पट होते. चर खोल असेल तर जुने कारागीर पत्र्याचे बोट चिमट्याने किंचित वाकवतात, म्हणजे ते चराशेजारच्या न झिजलेल्या कार्बनवरून चालू लागते. मऊ पेन्सिलीने पट्टी गिरवणारेही आहेत. तो उपाय फार दिवस पुरत नाही. आणि शेवटचा मार्ग म्हणजे डाख सोडवून पॉटच बदलणे. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो अनेकांनी केला असेल.

कधी कधी नवा पॉटही पहिल्या दिवसापासून खरखरतो. तेव्हा दोष बटणात नसतो. आधीच्या टप्प्यातून आवाजाचे हेलकावे तेवढे पुढे यावेत आणि स्थिर विद्युतदाब मागे राहावा म्हणून मध्ये एक कंडेन्सर असतो. तो गळू लागला की स्थिर प्रवाह पट्टीतून वाहतो आणि तिच्यावरचा प्रत्येक खडबडीतपणा ऐकू येतो. कंडेन्सर बदलला की खरखर थांबते. पाठचिकित्सेचे विद्यार्थी हे लगेच ओळखतील : भ्रष्टता दिसते एका ओळीत, तिचे कारण दोन पाने मागे असते.

पाठचिकित्सेचीच आणखी एक रीत इथे उपयोगी आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जी १९६६ साली पूर्ण झाली, संपादकांनी नाकारलेले पाठही तळटीपांत ठेवले. नाकारणे आणि फेकणे यांत त्यांनी फरक केला. जुने रेडिओ हौसेने जमवणारे आणि ते वाजते करणारे लोक महाराष्ट्रात आहेत, त्यांच्यामुळेच हे संच टिकले आहेत. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. परंतु संच वाजता करताना काढलेला पॉट सहसा कचऱ्यात जातो. वस्तुसंग्रहालयाच्या नोंदीत कंपनी, वर्ष, व्हॉल्व्हची संख्या, लाकडाचा प्रकार येतो. पट्टीची झीज कुठवर आहे याची नोंद माझ्या पाहण्यात आलेली नाही.

नव्या मोटारींतल्या संचांत तर हा प्रश्नच उरलेला नाही. तिथले बटण कितीही वळसे फिरते, त्याला आरंभ नाही आणि शेवट नाही. आत पट्टी नसते. फिरवताना दोन संपर्क क्रमाने जुळतात-तुटतात आणि त्यांच्या क्रमावरून चिपला दिशा कळते. संपर्क मळले की क्रम चुकतो, आणि आवाज कमी करायला जावे तर तो वाढतो. बिघाड सारखाच चीड आणणारा, पण त्याच्या आत वाचण्यासारखे काही नाही. किती मोठ्याने ऐकले ते चिपच्या स्मृतीत फक्त शेवटच्या वेळेपुरते असते, आणि पुढच्या फिरवण्यासरशी तेही पुसले जाते.

असो. ज्यांच्या घरी माळ्यावर आजोबांचा संच आहे त्यांच्यासाठी काम फार नाही. बटण काढण्यापूर्वी शून्याची आणि शेवटची जागा दांड्याभोवती कागद लावून खुणेने टिपावी. पट्टी पुसण्यापूर्वी तिचे जवळून एक छायाचित्र घ्यावे, चर संपतो तो कोन त्याच कागदावर लिहावा. संच कोणाकडे होता, कोणत्या खोलीत होता आणि भिंतीपलीकडे कोण राहत होते, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून खाली लिहावे. मग खुशाल फवारा मारावा.