त्सुकुबातल्या कुत्र्याची चिप
* जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या दुकानातून घेतलेला कुत्रा चिपमुळे घरबसल्या सापडतो, हा समज बरोबर नाही. जपानमध्ये १ जून २०२२ पासून विक्रीच्या कुत्र्या-मांजरांना चिप सक्तीची आहे. पण कातडीखाली टोचलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या काचनळीत ना बॅटरी असते ना जीपीएस. वाचकयंत्र अगदी जवळ धरले तरच १५ अंकी क्रमांक उमटतो. मालकाचे नाव-पत्ते असतात पर्यावरण मंत्रालयाच्या नोंदणीत, आणि नव्या मालकाने ३० दिवसांत ते बदलून घेतले नाहीत तर चिप असूनही कुत्रा बेवारस ठरू शकतो. मग अशा चिपमधून आपल्यावर पाळत ठेवली जाईल, ही भीती निव्वळ खुळी म्हणायची का? तसे नाही (खिशात मोबाइल बाळगणाऱ्यांनी ती जरा बेताने व्यक्त करावी, इतकेच). माणसांसाठीच्या ‘व्हेरिचिप’ला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हाही काळजीचा खरा मुद्दा दंडातल्या चिपपेक्षा तिच्या क्रमांकामागची माहिती कोणाला उघडता येणार, हा होता.