आरएसआय, एटीआर आणि आमचे सुभेदारसाहेब

राजस्थानात महाजन रेंजवर होतो, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी फायरिंग आटोपून तंबूत आलो आणि गावाकडून फोन आला. आमच्याच तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब होते.

"साहेब, शेअरचा आरएसआय २८ झालाय. तिसाच्या खाली गेला की घ्यायचा म्हणतात. घेऊ का?"

पैसा कम्युटेशनचा होता. मी म्हटलं, थांबा. ते थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यात आरएसआय २० च्या खाली आला, भावही घसरला. त्यांनी आणखी घेतले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला मोठा वाटा त्यात गेला.

हा आरएसआय आला कुठून, ते तेव्हा शोधलं. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन माणसानं १९७८ साली 'न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स' हे पुस्तक काढलं. हा मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. बाजार बंद झाला की दिवसाचा भाव घ्यायचा आणि तक्ता भरायचा, अशी त्याची पद्धत. आज तेच गणित लोक मोबाइलवर पाच-पाच मिनिटांच्या चार्टला लावतात.

गणित सोपं आहे. १४ दिवसांतली सरासरी वाढ २ रुपये आणि सरासरी घट १ रुपया असेल, तर गुणोत्तर २ आणि आरएसआय साधारण ६७. ७० च्या वर गेला तर फार चढला, ३० च्या खाली आला तर फार पडला. पण हे सगळं झालेल्या दिवसांचं मोजमाप आहे. तोफखान्यातले लोक लगेच ओळखतील. हवामानाचा मेट मेसेज काही वेळापूर्वीच्या वाऱ्याचा असतो. त्यावर पहिला गोळा टाकता येतो, पण पुढे ओपीवरून बघून 'ॲड', 'ड्रॉप' सांगावंच लागतं. जोरदार घसरणीत आरएसआय कितीतरी दिवस तिसाखाली पडून राहतो.

गंमत म्हणजे त्याच पुस्तकात वाइल्डरनं एटीआरही दिला होता. शेअर एका दिवसात साधारण किती हलतो, याची ती सरासरी. कालचा बंद भाव आणि आजचा भाव यांतली उडीही त्यात धरलेली असते. ५०० रुपयांच्या शेअरचा एटीआर २० असेल, तर ५ रुपयांवर लावलेला स्टॉपलॉस नुसत्या रोजच्या हालचालीत उडतो. दोन एटीआर, म्हणजे ४० रुपये सोडायचे आणि ४,००० रुपयांपर्यंतच नुकसान सोसायचं असेल, तर शेअर १०० च घ्यायचे. घ्यायचा कधी हे आरएसआयवरून बघतात; किती घ्यायचे हे एटीआर सांगतो. आपले लोक पहिलं पाठ करतात, दुसऱ्याचं नावही घेत नाहीत.

सेबीनं जुलै २०२४ मध्ये आकडे दिले: २०२२-२३ मध्ये रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जण तोट्यात होते. खुद्द वाइल्डरनं १९८७ साली 'ॲडम थिअरी' लिहिली आणि त्यात निर्देशांक बाजूला ठेवून थेट भावाकडेच बघायला सांगितलं.

लग्न झालं, थोडं कर्ज काढून. सुभेदारसाहेबांचा फोन अजून येतो. परवा म्हणाले, "साहेब, एटीआर १२ आहे, तीस शेअरच बसतात."

मी विचारलं, "आणि कम्युटेशनचं काय?"

"ते पोस्टात."

जय हिंद.