पालवणकर बाळू : मैदान आणि पंगत

आपले हिंगोली एकेकाळी निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होते. क्रिकेटही या देशात फोफावले ते अशाच छावण्यांच्या आश्रयाने. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातला तरुण दरमहा 4 रुपयांवर खेळपट्टीवर रूळ फिरवी आणि साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकी. फलंदाजी हा साहेबाचा मान.

पुढे हिंदू संघाला त्याच्या डावऱ्या फिरकीची गरज पडली. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात मिळे. 1906 साली मुंबईत युरोपियनांवर विजय मिळवणाऱ्या हिंदू संघात तो होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी कर्णधारपद त्याला लाभले नाही.

1920 मध्ये धाकट्या विठ्ठललाही डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. आम्ही कामगार यालाच संप म्हणतो. अखेर अंतिम सामन्यास बाळूला उपकर्णधार करावे लागले आणि 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाला.

चौदा-पंधरा वर्षे बळी मोजून जे मिळाले नाही, ते दोघांनी खेळायला नकार देताच मिळू लागले. आम्हांला बाळूच्या बळींइतकाच हा नकार मोलाचा वाटतो.