मिठाचे पाणी आणि गुणसूत्रांची घडी

मीठ म्हटले की कोकणी माणसाला खारवलेली मासळी आठवते. परंतु डी. एन. ए.चा शोधही क्षारांच्या पाण्यातूनच लागला, हे विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही.

इ. स. १८६९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे, जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यातील प्रयोगशाळेत, फ्रीड्रिख मीशर हा तरुण स्विस डॉक्टर इस्पितळातून आलेल्या जखमांच्या पट्ट्यांवरील पू धुवीत बसे. पुवातील पेशी त्याला अखंड हव्या होत्या. अन्य क्षारांच्या पाण्यात त्या फुगून चिकट लगदा होई. सोडियम सल्फेटच्या सौम्य द्रावणात मात्र शाबूत राहत. त्यांच्या केंद्रकातून त्याने वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच डी. एन. ए. होय.

क्षारांना एवढे महत्त्व का? डी. एन. ए.च्या धाग्यावर जागोजागी ऋण विद्युतभार असतो, आणि सारखे भार एकमेकांस दूर लोटतात. तरीही माणसाच्या पेशीतील सुमारे २ मीटर धागा मिलिमीटरच्या जवळपास शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात मावतो! १८८४ मध्ये कोसेलला सापडलेली हिस्टोन प्रथिने धनभारित असतात. रिळाला दोरा गुंडाळावा तसा हा धागा त्यांच्याभोवती वळतो, असे कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये दाखवले. उरलेला ऋणभार सोडियम, मॅग्नेशियम यांचे आयन झाकतात. मॅग्नेशियमवर भार दोन, म्हणून ते फार थोडे पुरते. उलट समुद्राहून तिपटीने खारट पाण्यात हिस्टोनच सुटून येतात. मीठ अमुक प्रमाणात बांधते आणि अतिरेकाने सोडते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

१९७६ मध्ये केंब्रिजच्या फिंच व क्लूग यांनी किंचित मॅग्नेशियम असलेल्या द्रावणात ३० नॅनोमीटर जाडीचा सुबक पिळाचा दोर पाहिला. तो पाठ्यपुस्तकांत गेला आणि मुलांनी पाठ केला. पण २०१२ मध्ये जपानच्या माएशिमा यांच्या गटाला माणसाच्या विभाजन पावणाऱ्या पेशींच्या गुणसूत्रांत तसा दोर आढळलाच नाही. कोंबडीच्या रक्तपेशींसारखी उदाहरणे सोडली, तर ते चित्र बरेचसे त्या परीक्षानळीतील पातळ पाण्याचे होते. आकृती गिरवताना ती कोणत्या पाण्यात पाहिली, हेही शिक्षकांनी सांगावयास हवे.

त्याच गटाने २०१८ मध्ये आणखी एक उलगडा केला. पेशीतील ए. टी. पी. हा ऊर्जावाहक पदार्थ मॅग्नेशियमला धरून ठेवतो. विभाजनाच्या वेळी तो कमी होतो, मॅग्नेशियम मोकळे होते, आणि गुणसूत्रे घट्ट आवळली जाण्यास हातभार लागतो.